राहण्यायोग्य शहरांची क्रमवारी कशी लावतात, आणि तिच्यात आपली वस्ती कुठे असते?

राहण्यासाठी चांगल्या शहरांची यादी जाहीर झाली की तिचे दोन उपयोग लगेच होतात. पहिला सत्ताधाऱ्यांच्या अभिनंदनाच्या फलकांवर, दुसरा बिल्डरांच्या जाहिरातींत. नागरिकांनी त्या यादीच्या आधारे महापालिकेला प्रश्न विचारणे हा तिसरा उपयोग. तो फारसा होत नाही, कारण क्रमांक कसा काढला हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. वसई-विरारमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना या याद्या वाचता याव्यात म्हणून आम्ही ही माहिती एकत्र करत आहोत.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. यादी कोणासाठी बनते? जगात सर्वाधिक गाजणाऱ्या दोन याद्या मर्सर आणि इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संस्थांच्या. व्हिएन्ना, झुरिक, मेलबर्न, कोपनहेगन ही नावे आपण वर्तमानपत्रात वाचतो ती तिथून येतात. मर्सरची यादी मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी असते. परदेशी बदली झालेल्या अधिकाऱ्याला किती जादा भत्ता द्यायचा, हे ठरवायला ती वापरतात. न्यूयॉर्कला १०० गुण धरून १० गटांतल्या ३९ घटकांवर शहरे मोजली जातात. मर्सरच्या २०१९ च्या यादीत २३१ शहरे होती. पुणे आणि हैदराबाद १४३ व्या, मुंबई १५४ व्या क्रमांकावर. म्हणजे एखाद्या युरोपीय मॅनेजरला मुंबईत किती त्रास होईल, याचा तो अंदाज. नालासोपाऱ्याहून सकाळची लोकल पकडून अंधेरीला हाउसकीपिंगच्या कामाला जाणारी बाई त्या मोजमापात कुठेही नाही. यादी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तिचा प्रश्नच वेगळा आहे.

दुसरी परंपरा विकासाच्या अर्थशास्त्रातून आली. नुसत्या दरडोई उत्पन्नावरून लोक कसे जगतात ते कळत नाही, हे जाणवल्यावर मॉरिस डी. मॉरिस यांनी १९७९ मध्ये साक्षरता, बालमृत्यू आणि आयुर्मान अशा तीनच गोष्टींवरून जीवनमानाचा निर्देशांक मांडला. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या साथीने संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आला. माणसाकडे किती पैसा आहे यापेक्षा त्याला काय करता येते, काय होता येते, हा प्रश्न त्यामागे होता. शहरांच्या आजच्या याद्या या दोन परंपरांच्या मिश्रणातून तयार होतात. एक डोळा गुंतवणूकदाराकडे, दुसरा नागरिकाकडे.

भारतातली यादी

केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने ‘ईज ऑफ लिव्हिंग’ म्हणजे सुलभ जीवनमान निर्देशांक पहिल्यांदा १३ ऑगस्ट २०१८ रोजी जाहीर केला. १११ शहरे, १५ गट, ७८ निर्देशक. पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी, ठाणे सहावे. वसई-विरार पहिल्या पंचवीस शहरांत होते.

तारीख लक्षात ठेवा. त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०१८ मध्ये, वसई-विरार पाण्याखाली होते. रेल्वे रुळांवर पाणी चढून विरार मार्ग बंद पडला, लांब पल्ल्याच्या गाडीतले प्रवासी नालासोपाऱ्याजवळ अडकले, वसईच्या मिठागरांवर राहणारी कुटुंबे पाण्याने वेढली गेली, वीज गेली. त्या पुराची कारणे शोधण्यासाठी महापालिकेला नीरी आणि आयआयटी मुंबई यांची मदत घ्यावी लागली. मग असे शहर पहिल्या पंचवीसांत कसे? उत्तर सरळ आहे. यादीसाठीची आकडेवारी पुराच्या आधीची होती, आणि बरीचशी खुद्द महापालिकांनीच भरून दिलेली होती. शिवाय मोजले गेले ते पाणी, वीज, मलनिस्सारण, मोकळ्या जागा. पाऊस पडला की नाल्याचे पाणी कोणाच्या घरात शिरते, हे त्या चौकटीत ठळकपणे येतच नव्हते.

गुण कसे बनतात

पद्धत समजून घेणे अवघड नाही. दहावीच्या गणितात बसते.

दर माणशी पाणी लिटरमध्ये मोजतात, रस्ते किलोमीटरमध्ये, गुन्हे संख्येत. हे एकत्र करायचे तर सगळे ० ते १०० अशा एका पट्टीवर आणावे लागतात. नेहमीची रीत अशी: सर्वांत वाईट शहराला ०, सर्वांत चांगल्याला १००, बाकीची मधे. इथेच पहिली मेख आहे. तुमचे गुण दुसऱ्यांवर अवलंबून राहतात. यादीतले सर्वांत वाईट शहर आणखी घसरले तर तुमच्या नळाला एक थेंबही जास्त न येता तुमचे गुण वाढतात.

दुसरी पायरी वजनांची, आणि खरे राजकारण इथे आहे. २०१८ च्या यादीत १०० पैकी भौतिक सुविधांना ४५, सामाजिक बाबींना २५, कारभाराला २५ आणि अर्थव्यवस्था-रोजगाराला केवळ ५ गुण होते. रोजगाराला शंभरात पाच! पोटासाठीच शहरात आलेल्या माणसाने हे वजन ठरवले असते, तर ते पाच नसते. पुढची यादी ४ मार्च २०२१ रोजी आली. तिच्यात वजने बदलली: जीवनाचा दर्जा ३५, आर्थिक क्षमता १५, शाश्वतता २०, आणि नागरिकांचे मत ३०. शहरेही दोन गटांत विभागली, दहा लाखांवरील ४९ आणि त्याखालील ६२. परिणाम काय झाला? २०१८ ला ५८ वे असलेले बंगळुरू मोठ्या शहरांत पहिले आले. मुंबई तिसरीवरून दहावीवर गेली. दोन-अडीच वर्षांत बंगळुरूचे रस्ते रुंद झाले नव्हते किंवा मुंबईचे खचले नव्हते. मोजपट्टी बदलली होती, तिच्यासोबत स्पर्धकांची संख्याही बदलली होती. म्हणून या दोन याद्या शेजारी ठेवून ‘आपण वर गेलो’ किंवा ‘खाली आलो’ असे म्हणणारा नेता एक तर अज्ञानी असतो, नाहीतर आपल्याला तसे समजतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथे राहण्यासाठी चांगल्या शहरांचे एक मोठे पंचांगवजा पुस्तक निघत असे. त्यातली ३२९ महानगरे आणि नऊ निकष घेऊन बेल लॅबोरेटरीजशी संबंधित संख्याशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये एक प्रयोग केला. आकडे तेच ठेवले, फक्त नऊ निकषांची वजने बदलून पाहिली. योग्य वजने निवडली तर १३४ शहरे पहिल्या क्रमांकावर आणता येतात, १५० शहरे शेवटच्या क्रमांकावर ढकलता येतात, आणि ५९ शहरे अशी निघाली की ती पहिलीही येऊ शकतात आणि शेवटचीही. आकडे एकाचेही बदललेले नाहीत!

तिसरी पायरी बेरजेची. समजा एका शहराला पाण्यात ९० आणि शौचालयात १० गुण आहेत, दुसऱ्याला दोन्हींत ५०. साधी सरासरी काढली तर दोघे ५० वर बरोबरीत. पण गुणाकार करून वर्गमूळ काढले, तर पहिले शहर ३० वर येते आणि दुसरे ५० वरच राहते. साध्या सरासरीत एका बाजूची श्रीमंती दुसऱ्या बाजूची दैना झाकते. दुसऱ्या रीतीत ती तेवढी झाकता येत नाही. मानव विकास निर्देशांकाने २०१० पासून ही दुसरी रीत घेतली, ती याच कारणाने.

आणि शेवटी क्रमांक. २०२० च्या निर्देशांकात बंगळुरूला ६६.७० आणि पुण्याला ६६.२७ गुण होते. फरक अर्ध्या गुणाचाही नाही. क्रमांकात मात्र एक ‘देशात पहिले’, दुसरे ‘दुसरे’.

भागाकारातला भाजक

वसई-विरारच्या बाबतीत सर्वांत मोठा घोळ लोकसंख्येचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची ५३ गावे मिळून ही महापालिका झाली. गावांनी विरोध केला, २९ गावे वगळण्याचा वाद वर्षानुवर्षे शासनदरबारी आणि न्यायालयात चालला. म्हणजे शहराची हद्द कोणती यावरच एकमत नव्हते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली. त्यानंतर जनगणना झालीच नाही. दरम्यान मुंबईत घर न परवडणारी माणसे विरार, नालासोपाऱ्याकडे सरकत राहिली. आज शहर वीस लाखांच्या पुढे आहे असे सगळेच गृहीत धरतात.

आता हिशेब करू. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतून वसई-विरारला दिवसाला १८.५ कोटी लिटर पाणी मंजूर आहे. उदाहरणासाठी एवढेच पाणी घेऊ. ते १२ लाख २२ हजारांत वाटले तर माणशी सुमारे १५१ लिटर येते. वीस लाखांत वाटले तर ९२ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचे मान्य प्रमाण माणशी १३५ लिटर आहे. पाणी तेच, धरण तेच. एका भाजकाने शहर उत्तीर्ण, दुसऱ्याने नापास. कोणताही दरडोई आकडा समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणत्या वर्षाच्या लोकसंख्येने भागले?

त्यातही या सरासरीत गळती नाही, टँकर नाही, टाकी नसलेली चाळ नाही. आणखी एक गोष्ट नाही. सूर्येचे पाणी पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातून येते. ते आमच्या शेतीसाठी होते, असे तिथले लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. शहराचा क्रमांक शहराच्या वेशीवर संपतो. वेशीबाहेरून काय आणले आणि वेशीबाहेर काय टाकले, याचा हिशेब तो मागत नाही.

सरासरीत हरवलेली वस्ती

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात खेड्याच्या गौरवीकरणावर घणाघात केला होता. आपल्या माणसांनी गाव सोडून शहर गाठले त्यामागे पोटाची भूक होती, तशी गावकुसाची कोंडी फोडण्याची ओढही होती. त्यामुळे शहर राहण्यायोग्य आहे का, हा प्रश्न आपल्यासाठी रस्ते आणि बागांपुरता नाही. इथे आडनाव सांगितल्यावर भाड्याने घर मिळते का, हाही जीवनाच्या दर्जाचाच निर्देशक आहे. आणि तो कोणत्याही यादीत नाही.

तो मोजता येत नाही म्हणून नाही, असे मात्र समजू नये. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील पाच शहरांत भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या समाजांची नावे घेऊन चौकशी करून हा भेदभाव मोजला. तो अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. त्याच नियतकालिकात २०१२ मध्ये विथायथिल आणि सिंग यांनी देशातील सात सर्वांत मोठ्या शहरांची प्रभागवार आकडेवारी तपासली. गरीब-श्रीमंत यापेक्षा जातीनुसार वस्त्या अधिक वेगळ्या पडलेल्या आहेत, असे त्यांना आढळले. मोजायचे ठरवले तर मोजता येते. निर्देशांकात ‘गृहनिर्माण आणि समावेशकता’ असा गट होता, पण समावेशकतेत हा प्रश्न नव्हता.

घरांबद्दल आपल्या शहरातलेच बघा. नालासोपारा पूर्वेत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी पैसे मोजून घरे घेतली. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीस त्या पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. बांधणारे आणि बांधू देणारे वेगळे, रस्त्यावर आलेले वेगळे. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट ही चारमजली अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसे गेली. कागदावर ही सगळी कुटुंबे ‘पक्क्या घरात राहणारी’ होती. छप्पर सिमेंटचे, भिंती विटांच्या, घरात शौचालय. पाहणीच्या फॉर्मवर प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण पडली असती.

स्वच्छतेचेही तसेच. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण होते आणि शहरे क्रमांकासाठी भिंती रंगवतात. शहर स्वच्छ दिसते का, याला गुण आहेत. ते स्वच्छ करणारा माणूस संध्याकाळी घरी जिवंत परततो का? एप्रिल २०२४ मध्ये विरार पश्चिमेतील एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. मानवी मैला वाहण्यास आणि गटारात माणूस उतरवण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. सफाईमित्र सुरक्षेची वेगळी स्पर्धा केंद्राने २०२० मध्ये सुरू केली, तिची नोंद घ्यायला हवी. पण आमचे म्हणणे असे की इथे स्पर्धा नको, अट हवी. ज्या शहरात त्या वर्षी गटारात माणूस मेला, त्या शहराला त्या वर्षी स्वच्छतेचा क्रमांकच देऊ नये. बाकीचे गुण कितीही असोत.

कारभाराच्या गुणांबद्दल एकच वाक्य पुरे. वसई-विरारच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हाती होते.

लोकांना विचारणे

नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन दिले ही २०२० च्या निर्देशांकातली चांगली सुधारणा. १११ शहरांतून ३२ लाखांहून अधिक लोकांनी मत नोंदवले. मात्र अशा पाहणीत संख्या मोठी असणे पुरेसे नसते. कोण बोलले ते महत्त्वाचे. ऑनलाइन लिंक ज्याच्या फोनवर पोचते तो बोलतो. रात्री दहाला विरारला उतरून पुढे रिक्षाच्या रांगेत उभा राहणारा बहुधा बोलत नाही.

इथे आपल्या सोपाऱ्याची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उत्खनित केला, आणि त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये. आठव्या लेखाचा विषय काय? आधीचे राजे शिकारीच्या, करमणुकीच्या यात्रा काढत. अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केल्या. त्यांत श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट, आणि जनपदातल्या माणसांकडे जाऊन त्यांच्याशी बोलणे, विचारपूस करणे असे. ते आजच्या अर्थाने सर्वेक्षण नव्हते, तसा दावा करणे भाबडेपणाचे होईल. पण राज्यकर्त्याने माणसापर्यंत चालत जायचे, ही दिशा त्यात आहे. २०१८ च्या निर्देशांकात ‘ओळख आणि संस्कृती’ असाही एक गट होता, हे स्तूपाच्या देखभालीसाठी निवेदने देणाऱ्या आपल्या मंडळींनी जरूर लक्षात ठेवावे.

आपण काय मागायचे

शहराचा क्रमांक मागू नका, प्रभागाचे आकडे मागा. महापालिकेने मंत्रालयाला भरून दिलेली मूळ माहिती माहिती अधिकारात मागता येते. दरवर्षीचा पर्यावरण स्थिती अहवाल मागता येतो. नळजोडण्या, सार्वजनिक शौचालयाच्या सीट, दवाखाने, कचरागाडीच्या फेऱ्या, अंगणवाड्या या पाच गोष्टी प्रभागवार मिळाल्या तरी दोन तरुण एका रविवारी तक्ता मांडू शकतात. शेजारच्या दोन प्रभागांतली तफावत दाखवणारा तो तक्ता प्रभाग समितीत कोणत्याही राष्ट्रीय क्रमांकापेक्षा जास्त बोलतो. आपल्या वस्तीतील घरांची पाहणी स्वतः करायची असेल तर जनगणनेचेच प्रश्न वापरा: पाणी घरात की बाहेर, शौचालय कोणते, सांडपाणी बंद गटारात की उघड्यावर, खोल्या किती, माणसे किती. प्रश्न तेच ठेवले की उत्तरे सरकारी आकड्यांशी ताडून पाहता येतात.

जनगणनेचा विषय निघालाच आहे म्हणून एक तातडीची बाब. २०११ च्या घरयादीत कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा आहे का, हे विचारले होते, त्यामुळे अनुसूचित जातींच्या घरांतील पाणी-शौचालयाचे वेगळे तक्ते उपलब्ध आहेत. पण तेव्हा पालघर जिल्हा नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यामुळे आपले जिल्हा पातळीवरचे आकडे जुन्या अखंड ठाणे जिल्ह्यात मिसळलेले आहेत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातीची नोंद होणार आहे. पालघरचे स्वतंत्र आकडे मिळण्याची ही पहिलीच वेळ. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध धर्म लिहिणाऱ्याची अनुसूचित जातीची नोंद जात नाही, हे आजही अनेक घरांत ठाऊक नसते. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीच्या यादीतील जात, अशा दोन्ही नोंदी झाल्या तरच पुढच्या दहा वर्षांच्या तक्त्यांत आपली घरे दिसतील. प्रगणक येण्याआधी प्रत्येक विहारात, प्रत्येक चाळीत ही माहिती पोचवायला हवी, आणि प्रगणकाने नोंद थेट आपल्यासमोर केली आहे का, केली तर काय केली, हे घरातल्या एका तरी माणसाने वाचून पाहायला हवे.